तिळाच्या ओळखीवर

पुडीवर एक डोंगर, एक झाड,
बाकी सगळी उजवीकडून डावीकडं जाणारी अक्षरं.
मुनीराबीनं ती दारातूनच पुढं केली,
"अजमत भेजा. दो थे, एक तुमे रखो."
"हाय काय पण?"
तिनं पुडी डोळ्यांजवळ धरली,
अक्षराला अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.
एक शब्द झाला. दोघांनी ऐकला,
दोघांनाही कळला नाही.
"पढने आता," ती म्हणाली, "समझने नै आता."

निलावतीचा उजवा हात प्लास्टरमधे.
सोमवारी न्हाणीत घसरली, आज शुक्रवार.
चार रात्री आम्ही
पिठलं, खिचडी, पिठलं
आणि एकदा स्टँडवरची भजी खाऊन झोपलो.
आज तिनं बजावलं,
"पुन्हा पिठलं केलंस तर ह्याच हातानं हाणीन."

धर्माबादच्या मिरचीबाजारात
सव्वीस वर्षं मापाडी आहे मी.
पोतं उचलल्याबरोबर सांगतो, ओलं का वाळलेलं.
वास मात्र गेला.
एका दिवसात नाही गेला,
सुतळी झिजते तसा,
गेल्यावरच कळलं की गेला.
तेव्हा पुडी कापली
आणि सरळ तिच्या नाकाखाली नेली.

तिनं डोळे मिटले. टीव्ही बंद कर म्हणाली,
जसं काही कानानंच हुंगणार होती.
"ओवा."
मग, "नाही. ओव्याचा चुलतभाऊ."
चिमूटभर जिभेवर ठेवून,
"आंबट आहे. चिंच नाही. अंबाडी नाही.
आमसूल तर नाहीच नाही."
"तीळ आहेत," मी म्हणालो.
"ते मला बी दिसायलेत."

तर तेवढ्या तिळाच्या ओळखीवर
मी गॅस पेटवला.
तूरडाळ शिजलेली होती.
फोडणीत लसूण, जिरं,
आणि ती पूड, पोह्याच्या चमच्यानं दोन चमचे.
मग अजून एक, पाहुण्याला आग्रह करावा तसा.

वरण हिरवं झालं.
कोथिंबिरीचं हिरवं नव्हे,
हौदाच्या कडेला असतं, ते.
पाला वर, तीळ तळाशी.
"उकळू दे," खाटेवरून आवाज.
उकळू दिलं.
"आता?"
"आता जास्तच उकळलं."
गूळ टाकला, बिघडलं. मीठ टाकलं,
ते पुडीत आधीच होतं.
काट्यावर पाव किलो जास्त पडलं
तर मूठभर काढून घेता येतं, बाबा.
वरणातून काय काढणार?

भाकरी होत्या.
स्टँडमागच्या पोळी-भाकरी केंद्रातल्या, सकाळच्या,
पापड झालेल्या.
तव्यावर टाकल्या, निदान गरम तरी खाऊ.
तेवढ्यात तीच म्हणाली,
"कारळाच्या चटणीवाणी घेऊन बघ की.
करडईचं तेल सोड वरून."
आणि उठून आली,
डाव्या हातानं बुधली तिरपी केली.
तेल भाकरीवर थोडं, ओट्यावर पुष्कळ.
मी कोरडी पूड भुरभुरली.
तव्यावरच तिळानं चटचट केलं.

"काय वास येतो?" मी विचारलं.
ती थांबली.
मला सांगायला तिला शब्द हुडकावे लागतात,
सव्वीस वर्षांत मी कधी विचारलंही नव्हतं.
"कडब्याच्या गंजीवर," ती म्हणाली,
"दुपारचं ऊन पडलेलं असतं ना,
आणि आपण तिच्या आडोशाला बसलेलो."
मला काहीच आलं नाही.
पण कडब्याची गंज मला ठाऊक आहे,
ऊनही.

पाच भाकरी संपल्या. तीन तिच्या.
वरणाकडं कुणी पाहिलं नाही.
रात्री अजमतचा फोन आला होता म्हणे, त्यानं नाव सांगितलं,
मुनीराबीनं भिंतीवरून आम्हाला सांगितलं,
सकाळपर्यंत तिघंही विसरलो.

पुडी आता मिसळणाच्या डब्याशेजारी उभी आहे,
तोंडाला कपड्याचा चिमटा.
डोंगराच्या पायथ्याशी, झाडाच्या खाली,
निलावतीनं डाव्या हातानं, बॉलपेननं,
पहिलीतल्या पोरासारखं लिहून ठेवलंय:
भाकरीचं.
आणि खाली, दोनदा रेघ मारून,
वरणात नको.